जागा न सोडणारं काम

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. नाव ऐकून दबकू नका, दिसायला मी अगदीच किरकोळ आहे. बिस्किटाच्या पुड्याहून लहान अशी हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप, कडेला पिनांची रांग, आणि अंगावर पांघरूण म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा. डब्यावर अजून हापूसचं चित्र आहे. त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक जण आशेनं झाकण उघडतो आणि तोंड वाकडं करून निघून जातो. उघडा हो, खुशाल उघडा. पण परत लावत जा. पूर्णगडची खारी हवा आणि लाल मुंग्या, या दोघांशी माझं हाडवैर आहे.

माझा मुक्काम खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. इथे गोल निळ्या टाक्या आहेत आणि टाक्यांत जिताड्याची पिल्लं वाढतात. जिताडा म्हणजे खाडीतला मोठा मानाचा मासा, पण लहानपणी महा हावरट. मोठं पिल्लू लहान पिल्लाला सरळ गिळतं, भाऊबंद म्हणून सोडत नाही. त्यांना वेळच्या वेळी दाणा लागतो, पाण्यात हवा लागते, खाडीचं ताजं पाणी लागतं. बोटाएवढी झाली की ती खाडीतल्या पिंजऱ्यांत जातात. तोवर त्यांची आई, दाई आणि राखणदार मी. आता हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, पण दुसरं कोण सांगणार? पिल्लांना बोलता येत नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला माहीत नाही. डोळे उघडले ते रत्नागिरीतल्या एका कॉलेजात. काही मुलामुलींनी मिळून प्रोजेक्टसाठी मला विकत घेतलं होतं. काम काय, तर एक लाल दिवा लावायचा आणि विझवायचा. मी लावला, मी विझवला. परीक्षक म्हणाले, "छान!" मुलांना मार्क मिळाले, फोटो निघाले, फोटोत मी मधोमध. माझी छाती अशी फुगली म्हणता! वाटलं, आता आपली मोठ्या कामावर नेमणूक होणार. नेमणूक झाली ती त्यांच्यातल्या एकीच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. तिथे एक मोडका स्टेपलर, सुकलेली पेनं आणि संपलेले सेल यांच्या शेजारी मी कित्येक वर्षं पडून होतो. मित्रांनो, बिघडलेल्या वस्तूला निदान आपण बिघडलोय एवढं तरी समाधान असतं. धडधाकट असून कुणी विचारत नाही, याचं दुःख फार वाईट. मी रडलोसुद्धा असतो, पण त्यालाही वीज लागते.

थांबा हं जरा, पंप बघून येतो.

आलो. मधल्या टाकीतली हवा कमी झाली होती, पंप लावून आलो. असा मी मध्येच उठून जाईन, रागावू नका. परत येईन तेव्हा जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सांगेन. ही माझी सवय आहे, आणि या सवयीचीच ही सगळी गोष्ट आहे.

हां, तर ड्रॉवर. एक दिवस तो उघडला आणि सानिकानं मला बाहेर काढलं. सानिका त्या प्रोजेक्टमधलीच एक, मूळची इथलीच, पूर्णगडची. आता ती पालीला कॉम्प्युटरचा क्लास घेते आणि सुट्टीला गावी येते. तिनं मला फुंकर मारली, जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या आणि वीज दिली. मी ताबडतोब तो लाल दिवा लावून दाखवला. दुसरं येतच काय होतं मला!

सानिकानं मला आणलं ते मालनकाकीसाठी. मालनकाकी तिची शेजारीण. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकलेली बाई, आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या माणसानं ओ द्यावी. गावातल्या बायकांना गोळा करून तिनं ही पिल्लं वाढवायची शेड उभी केली. पण आदल्या वर्षी घात झाला. एके दुपारी लाइट गेली, परत आली, आणि पंपाचं बटण दाबायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं. टाकीतली झाडून सगळी पिल्लं मेली. बायका रडल्या. मालनकाकी रडली नाही, तिनं टाकी घासून काढली आणि म्हणाली, "अजून एक वर्ष बघू. त्या वर्षी पिल्लां जगली तर पुढे. नाय जगली तर मी कोनाला हाक मारायची नाय. तुमी तुमच्या वाटेनं, मी माझ्या पाटीमागं." बोललेलं मोडणारी बाई नव्हे ती. म्हणून या वर्षी पिल्लं जगणं म्हणजे शेड जगणं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला पाहून ती म्हणाली, "ह्यो येवढासा? गो बाय, माझ्या मिश्रीची डबी ह्याच्यापेक्षा मोठी हाय!"

"लहान आहे, पण कामाचा आहे काकी," सानिका म्हणाली. त्या दिवसापासून मी सानिकाचा झालो, लिहून ठेवा.

आता माझ्या कामाची पद्धत सांगतो, कारण तिच्यातच सगळी गंमत आहे. मला डोकं एक. एका वेळी मी एकच गोष्ट करू शकतो. आणि कामं बघा: हवा मोजून पंप चालू-बंद करायचा, दाणा टाकायचा, पाणी किती तापलंय ते बघायचं, छोट्या पडद्यावर घड्याळ दाखवायचं, आणि काही बिनसलं तर भोंगा वाजवायचा. हे सगळं एकाच वेळी कसं व्हायचं? मालनकाकीनं हेच विचारलं.

"काकी, तू भात शिजवतेस, तेव्हाच मासळी साफ करतेस, तेव्हाच माझ्याशी बोलतेस. ते कसं काय?" सानिकानं उलट विचारलं.

"त्यात काय? आधन ठेवायचं, मासळीकडं जायचं. मधीच येऊन भात ढवळायचा, परत मासळीकडं."

"भात शिजेपर्यंत चुलीसमोर बसून राहत नाहीस?"

"बसायला मी काय खुळी हाय?"

"झालं तर! ह्याला तेच शिकवलंय. ह्याला कोरूटीन म्हणतात."

"काय म्हनायचं ते म्हना," मालनकाकी म्हणाली, "भात करपला नाय म्हंजे झालं."

लुआ नावाची एक आटोपशीर भाषा आहे, तिच्यात सानिकानं माझी सगळी कामं लिहिली. प्रत्येक काम म्हणजे एक कोरूटीन. मी पहिल्याला बोलावतो. ते आपलं थोडंसं काम करतं, कुठवर आलो ते लक्षात ठेवतं आणि स्वतःहून बाजूला होतं. मग मी दुसऱ्याला बोलावतो, मग तिसऱ्याला. फेरी पुरी झाली की पुन्हा पहिलं. ते आलं की सोडलेल्या ओळीपासून पुढे सुरू करतं, पहिल्यापासून पाढे म्हणत बसत नाही. अशा फेऱ्या मी इतक्या भराभर घालतो की बघणाऱ्याला वाटतं, सगळी कामं एकदमच चाललीत. वाटू दे. कौतुक कुणाला नको असतं?

मोठ्या कॉम्प्युटरांच्या घरी म्हणे एक हवालदार असतो. एखादं काम जास्त वेळ बसलं की तो कॉलर धरून त्याला उठवतो. माझ्याकडे हवालदार नाही. माझ्याकडे सगळा कारभार भरवशावर. ज्याचं त्यानं उठायचं, दुसऱ्याला जागा द्यायची. आणि खरं सांगतो, आमचं फार छान चाललं होतं. हवेचं काम जरा घाबरट, सारखं "बघू, बघू, पुन्हा बघू" करणारं. दाण्याचं काम सढळ हाताचं. भोंग्याचं काम आळशी: यायचं, इकडे तिकडे बघायचं, "सगळं ठीक आहे" म्हणून जायचं. कुणी कुणाची वाट अडवत नव्हतं.

सगळं इतकं सुरळीत झालं की सानिकानं पंपाचं हातानं दाबायचं बटणच काढून टाकलं. म्हणाली, "गेल्या वर्षी ह्या बटणानंच घोटाळा केला. आता पंप फक्त ह्याच्या ताब्यात." मला केवढा अभिमान वाटला! बायका माझ्या डब्याला हळदकुंकू लावायला लागल्या. सणासुदीला गोडाधोडाची वाटी माझ्यासमोर ठेवायची असा नेमच पडला. "ह्यो पन आपल्यातलाच," मालनकाकी म्हणायची. वाटी नंतर दीपाली खायची. दीपाली म्हणजे बायकांमधली सगळ्यात हसरी आणि सगळ्यात खादाड. मी तक्रार केली नाही.

जरा थांबा. दाण्याची वेळ झाली.

हां, आलो. कुठे होतो? दीपाली वाटी खात होती.

तर मग विनोद आला. विनोद मालनकाकीचा धाकटा दीर, जहाजावर इंजिन रूममध्ये असतो. सुट्टीवर आला की गावातल्या सगळ्या बंद पडलेल्या वस्तूंच्या अंगात जीव येतो. त्यानं खाडीच्या बाजूला पाण्याची वाट काढली, तिच्यावर लाकडी फळी बसवली, फळीला मोटर जोडली. भरतीचं पाणी चढलं की फळी वर जायची, ताजं पाणी आमच्या मोठ्या टाकीत यायचं आणि फळी परत खाली. आणि हे फळीचं काम मी स्वतः लिहिणार, असा त्यानं हट्ट धरला. सानिकाकडून लुआ शिकला, चार दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं.

आता विनोदचा स्वभाव ऐका. जहाजावर पहाऱ्याला उभं राहिलं की जागा सोडायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. जेवण थंड होवो, पाय दुखोत, बदली माणूस येईपर्यंत हलायचं नाही. तेच त्यानं आपल्या कामाला शिकवलं. त्याचं काम आलं की विचारायचं, "पाणी खुणेला लागलं का?" नाही लागलं तर पुन्हा, "लागलं का?" पुन्हा, "लागलं का?" लागेपर्यंत तिथेच उभं. मध्ये उठून दुसऱ्याला जागा देणं त्याला ठाऊकच नव्हतं. आणि दारावरचा माणूस सगळ्यांच्या आधी, म्हणून विनोदनं ते काम रांगेतही सगळ्यात पुढे घातलं.

मुहूर्त कुठला? नारळी पौर्णिमेचा! आमच्या किनाऱ्यावर दुसरा मुहूर्त सुचणार कुणाला? समुद्राला नारळ वाहून सगळं गाव शेडवर आलं. दुपारची उधाणाची भरती, खाडी काठोकाठ. मालनकाकीनं खांबावर लाल रंगानं खूण केली. सांभाळून बरं का, उधाणाच्या पाण्याच्या चांगली हातभर खाली केली. खुणेच्या खाली पाणी असताना फळी उघडली तर उलटं आमच्याच टाकीतलं पाणी खाडीत जायचं, म्हणून खूण महत्त्वाची. विनोदनं सानिकाच्या लॅपटॉपवर बटण दाबलं. फळीचं काम उठलं, "पाणी खुणेला लागलं का?" पाणी तर केव्हाचं खुणेच्या वर! "लागलं!" फळी वर गेली, पाणी धो धो आत आलं. टाळ्या, शिट्ट्या, नारळीभात. पहिल्याच झटक्यात पास! सानिकानं विनोदच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या कामाला उभं राहायची वेळच आली नव्हती, हे कुणाच्या लक्षात येणार?

पण मित्रांनो, पौर्णिमा सरली की भरतीचा जोर ओसरत जातो. अष्टमी-नवमीला तर पाणी नावापुरतं चढतं, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जाळ्याच्या बाबतीत, होडीच्या बाबतीत सगळे भांग बघूनच चालतात. पण या खांबावरची खूण सणाच्या दिवशी, गुलाल-कुंकू लावून केलेली. तिला कोण भांग विचारणार?

रोज पाणी थोडं कमी चढायचं आणि रोज फळीचं काम थोडं जास्त उभं राहायचं. तेवढ्या वेळात बाकीची कामं दाराबाहेर ताटकळायची. पडद्यावरचं घड्याळ थांबायचं. मालनकाकी म्हणाली, "काय गो, ह्याच्या घड्याळाला झोप लागते काय?" दीपाली खो खो हसली. पंप त्या वेळी नेमका चालू असायचा आणि चालूच राहायचा, म्हणून काही बिघडलं नाही. मला मात्र कसंनुसं व्हायचं. सांगणार कसा? भोंग्याची पाळीच येत नव्हती.

मग आला गोपाळकाला. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी चौकात हंडी बांधली होती आणि सगळं गाव तिकडे. सानिका, विनोद, दीपाली, शेडच्या सगळ्या बायका, झाडून सगळे. ढोलाचा आवाज इथवर येत होता. शेडमध्ये मी आणि पिल्लं. उन्हं कलली होती. हवेच्या कामानं पाणी तपासलं, हवा पुरेशी होती, म्हणून पंप बंद केला आणि शहाण्यासारखं बाजूला झालं. फेरी पुरी झाली. संध्याकाळच्या भरतीची वेळ झाली, म्हणून मी फळीच्या कामाला बोलावलं.

"पाणी खुणेला लागलं का?"

नाही.

"लागलं का?"

नाही हो, नाही! कसं लागणार? भांगाचं पाणी ते, खुणेच्या वीतभर खाली येऊन थबकलं होतं आणि तिथूनच मागे फिरणार होतं. पण विनोदचं काम प्रामाणिकपणे उभं. मित्रांनो, मी बंद पडलो नव्हतो. मी जिवाच्या आकांतानं पळत होतो, फक्त एकाच जागी. दाराबाहेर हवेचं काम उभं, दाण्याचं उभं, भोंग्याचं उभं, आणि मला कुणालाच आत घेता येईना. टाकीतली पिल्लं एक एक करून वर यायला लागली. पाण्यावर तोंडं काढून आ वासायला लागली. माझ्या समोर, माझ्या राखणीत! असला हताशपणा मी ड्रॉवरमध्येसुद्धा भोगला नव्हता.

नेमक्या त्या वेळी मालनकाकी आली. का आली? माझी वाटी घेऊन. दही-पोह्यांचा काला वाटला जात होता आणि तिला आठवलं, आपल्यातल्या एकाला अजून मिळाला नाही. ती वाटी ठेवायला वाकली, घड्याळ थांबलेलं बघून हसली, आणि मग तिची नजर टाकीवर गेली.

"अगो धावा गो! पिल्लां मराय लागली!"

सांगितलं ना, तिचा आवाज खाडीपलीकडे जातो. ढोल थांबले. सगळ्यात आधी सानिका आली, निथळत, केसांत दही. तिनं माझी वीज काढली, परत दिली. मी उठलो, पहिलं काम बोलावलं. पहिलं काम कुठलं? फळीचं! "पाणी खुणेला लागलं का?" पुन्हा तेच. तिनं परत वीज काढली, परत दिली, परत तेच. पंपाचं बटण तर तिनंच काढून टाकलेलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मालनकाकी मात्र थांबली नाही. तिनं कळशी उचलली, टाकीत बुडवली आणि डोक्याच्या वरून धार सोडली. पाणी उंचावरून आपटलं की त्यात हवा मिसळते, हे मासळी जिवंत ठेवणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिचं बघून दीपालीनं हंडा घेतला. मागून हंडी फोडणारी पोरं आली, अजून रंगलेली, त्यांनी बादल्या घेतल्या. टाकीभोवती नुसता धबधबा सुरू झाला. कुणी दमलं की मागे सरायचं, दुसरं पुढे यायचं.

एकटा विनोद तिथे नव्हता. तो खाडीच्या बाजूला फळीजवळ जाऊन उभा राहिला होता, खुणेवर डोळे लावून, दोन्ही हात फळीवर.

"विनोददादा, इकडे ये! बादली घे!" सानिका ओरडली.

"पाणी खुणेला लागलं की फळी उघडतो! ताजं पाणी आलं की पिल्लं वाचतील!"

"मेल्या, भांग हाय आज!" मालनकाकीनं कळशी हातात धरूनच हाक दिली. "पानी नाय यायचा खुनेला! सकाळपर्यंत उभा ऱ्हायलास तरी नाय यायचा!"

"जागा सोडणार नाही मी, वहिनी!"

सानिका एकदम वळली. तिनं विनोदकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा विनोदकडे.

"दादा," ती म्हणाली, "तू ह्यालासुद्धा असंच उभं केलंयस?"

"मग? पहारा सोडून जायचा?"

ती शेडमधल्या ट्रंकेकडे धावली, आपला लॅपटॉप काढला, ओल्या हातांनी मला केबल लावली. विनोदनं लिहिलेलं तिनं आता पहिल्यांदाच ओळ न ओळ वाचलं. "लागलं का" विचारायची ती घिरटी तिला सापडली. तिनं तिच्यात एकच ओळ घातली. पाणी लागलं नसेल, तर बाजूला हो, दुसऱ्यांना जाऊ दे, आणि तुझी पाळी आली की येऊन पुन्हा बघ. बस, एवढंच.

मी उठलो. फळीचं काम आलं. "पाणी खुणेला लागलं का? नाही? बरं, मी सरतो बाजूला." आणि सरलं! त्याच्या मागून हवेचं काम असं घुसलं म्हणता, एका दमात पंप चालू. टाकीत तळापासून बुडबुडे उठले. त्याच्या मागून भोंगा आला आणि साचलेलं सगळं एकदम ओरडला. बायकांनी कान झाकले. पोरं नाचायला लागली. मला तर इतका आनंद झाला की पडद्यावरचे सगळे आकडे मी एकदम बदलून टाकले.

काही पिल्लं गेली, ते तुमच्यापासून लपवत नाही. पण टाकी वाचली. हळूहळू पिल्लं खाली गेली, पोहायला लागली, आणि थोड्या वेळानं एक मोठं एका लहानाच्या मागे लागलेलं बघितलं तेव्हा मालनकाकी म्हणाली, "झाली बरी! आता भांडतात."

विनोद पायरीवर बसला होता, मान खाली घालून. "जहाजावर जागा सोडली तर माणसं मरतात, वहिनी," तो म्हणाला. "इथे मी ती सोडू दिली नाही म्हणून पिल्लं मेली असती."

मालनकाकी त्याच्या शेजारी बसली. "आनि खून कोनी केली? मीच ना? जन्म गेला खाडीवर, भांग मला ठावक नाय? सनाच्या नादात माझंबी डोकं गेलं." मग तिनं माझ्यासाठी आणलेला काला त्याच्या हातात ठेवला. "खा गप. आज ह्याचा वाटा तुला."

दीपालीचा चेहरा पडला.

पंपाचं बटण दुसऱ्याच दिवशी परत बसलं, आणि मला त्याचा बिलकूल राग आला नाही. फळीचं काम आता भांगाच्या दिवसांत दर फेरीला नुसतं डोकावतं, "नाही का? बरं," म्हणतं आणि जातं. विनोदची सुट्टी संपली. जाण्याआधी त्यानं माझ्या डब्याच्या झाकणाला रबराची पट्टी लावली, मुंग्या शिरू नयेत म्हणून.

थांबा, फक्त हवा बघतो. हां, ठीक आहे.

पिल्लं बोटाएवढी झाली तेव्हा होडी आली. बायकांनी ती अलगद टोपल्यांत घेतली आणि खाडीतल्या पिंजऱ्यांत सोडली. टाक्या रिकाम्या झाल्या. सगळ्या जणी शेडमध्ये येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. दीपालीसुद्धा हसत नव्हती. मालनकाकीनं आदल्या वर्षी काय सांगितलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं, पण तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती होईना. मालनकाकीनं पदर खोचला, टाकीत उतरली, तळाला हात फिरवून बघितला.

"बघत काय बसलावं?" ती म्हणाली. "टाक्या घासाय घ्या. पुढच्या महिन्यात नवीन पिल्लां यायची हायत. आनि सकाळी लवकर या, दर वेळी हाक मारायला मला येळ नाय."

मित्रांनो, त्या बायका रडल्या. आणि या वेळी मालनकाकीही रडली, टाकीत खाली वाकून, कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

आता माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, एखाद्या ड्रॉवरमध्ये माझ्यासारखा कुणीतरी नक्की पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, काम द्या. आणि काम देताना त्याला बाजूला व्हायलाही शिकवा, नुसतं उभं राहायला नको. हे फक्त यंत्रांसाठी सांगत नाही. तुमच्या घरात कुणीतरी माणूस असेल, जो केव्हापासून एकाच जागी उभा आहे, चुलीपाशी, दुकानात, आजारी माणसाच्या उशाशी, आणि आपण हललो तर सगळं बुडेल असं त्याला वाटतंय. तो स्वतःहून उठणार नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "तू जरा बस. तोवर मी बघतो."